बाहेरच्या खोलीतली भीती

"पोरांना आत ने गं," हे वाक्य घराघरांत उच्चारलं जातं ते बहुधा मालिकेचं शीर्षकगीत सुरू झाल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. आणि 'आत' म्हणजे तरी कुठे? घाटकोपरच्या चाळीत किंवा बोरिवलीच्या वन रूम किचनमध्ये आत म्हणजे स्वयंपाकघर, आणि मध्ये फार तर एक पडदा. चित्र दिसत नाही, आवाज मात्र पुरता ऐकू येतो. माझी भाची पाच वर्षांची असताना अशाच एका मालिकेचं नुसतं संगीत ऐकून महिनाभर बाथरूममध्ये एकटी जायला तयार नव्हती. त्या मालिकेतलं एकही दृश्य तिनं पाहिलेलं नव्हतं. तिची आजी रोज नेमानं ती मालिका बघायची, आणि नातीला आत पाठवून आपण तिला जपतो आहोत असं तिला मनापासून वाटत होतं.

घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायच्या भीतीदायक कार्यक्रमांसमोर लहान मुलांना बसू द्यावं का, हा वाद आपल्याकडे किमान तीस वर्षं चालू आहे. निव्वळ मोठ्यांसाठी काढलेल्या भयपटांबद्दल फारसा वाद नाही. ते तीन-चार वर्षांच्या मुलाला दाखवावेत असं कुणीच म्हणत नाही. खरी अडचण मधल्या पट्ट्याची आहे. वाड्यातली भुतं आणि जावाजावांची भांडणं एकाच भागात येतात, विनोदी नोकर आणि विहिरीतली बाई एकाच अंगणात वावरतात, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे एकाच सतरंजीवर बसून बघतात. या लेखात 'लहान मुलं' म्हणजे साधारण तीन ते आठ वर्षांची मुलं धरली आहेत.

टीव्हीच्या आधीची भुतं

मुलांना घाबरवण्याचं काम टीव्हीनं सुरू केलेलं नाही. जेवत नाही म्हणून बागुलबुवा, उन्हात हिंडतो म्हणून पोरं पळवणारा गोणीवाला, पिंपळाखाली जाऊ नये म्हणून मुंजा. मराठी घरात भीती हे शिस्तीचं जुनं साधन आहे, आणि ते वापरणारी माणसं मुलावर जीव टाकणारीच असतात. भांडुप, कांजूरमार्ग, मुलुंड, बोरिवली या पट्ट्यात कोकणातली कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत. त्यांच्या मुलांना मे महिन्यात गावी गेल्यावर देवचार, वेताळ, चकवा, खवीस यांची ओळख होते. शिमग्याला अंगणात येणारा काळ्या झग्यातला, उंच टोपीचा, लांब दाढीचा संकासुर पाहून पोरं आईच्या मागे लपतात आणि पुन्हा डोकावून बघतात. दशावतारातही संकासुर आहेच. पण तिथे मूल ज्याला घाबरतं, तो शेजारच्या वाडीतला कुणीतरी असतो. दुसऱ्या दिवशी तो बाजारात भेटतो, मुलाच्या गालाला हात लावतो. भीतीचा शेवट गावातच होतो.

बालरंगभूमीनं ही गोष्ट ओळखली होती. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये लिटल थिएटर सुरू केलं. रत्नाकर मतकरींनी पुढे 1962 मध्ये बालनाट्य ही संस्था काढली आणि चेटकिणी, राक्षस मुलांसमोर रंगमंचावर उभे केले. 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी केली, 2018 च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले यांनी. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात किंवा मुलुंडच्या कालिदासमध्ये बालनाट्याच्या दुपारच्या प्रयोगाला बसलं, की चेटकीण आल्यावर काय होतं ते कळतं. पुढच्या रांगेतली दोन-तीन मुलं रडतात, पन्नास मुलं तिच्यावर ओरडतात, आणि रडणाऱ्याला त्याचे बाबा उचलून बाहेर नेतात. मतकरी मोठ्यांसाठी अस्सल गूढकथा लिहिणारे लेखक. मोठ्यांना कोणत्या भीतीनं गाठायचं आणि मुलांना कोणत्या, यातला फरक त्यांच्या लेखनात स्पष्ट आहे. या वादात तो फार कमी वेळा लक्षात घेतला जातो, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

पडद्यावर

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. भुताची पहिली मोठी घरगुती ओळख करून दिली ती 1985 च्या 'विक्रम और बेताल'नं. पांढऱ्या केसांचा बेताल विक्रमाच्या पाठीवर बसायचा, गोष्ट सांगायचा, प्रश्न विचारायचा आणि उडून जायचा. हे भूत न्यायाच्या गोष्टी सांगत होतं, आणि रविवारी दिवसाउजेडी येत होतं. त्याबद्दल गंभीर तक्रार झाल्याचं आठवत नाही.

उपग्रह वाहिन्या आल्यावर चित्र पालटलं. 1993 मध्ये रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' आला, 1995 मध्ये सोनीवर बी. पी. सिंग यांची 'आहट'. ही मोठ्यांची भीती होती, रात्रीची होती. पण टीव्ही एकच होता आणि तो सगळे झोपायचे त्याच खोलीत होता. त्याच वर्षांत महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (1993) आला. तो विनोदी चित्रपट म्हणूनच पाहिला गेला, नंतर टीव्हीवर पुन्हापुन्हा लागत राहिला, आणि माझ्या पुढची अख्खी मराठी पिढी त्यातल्या तात्या विंचू या बाहुल्याला घाबरून वाढली. ते बाहुलं शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचं. ज्या घराण्याच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्यानं महाराष्ट्रातल्या मुलांना पोट धरून हसवलं, त्याच घराण्याच्या बाहुल्यानं त्यांना घाबरवलं. आजही चाळिशीतली माणसं गप्पांत सांगतात, "लक्ष्या आठवत नाही, पण ते बाहुलं खुर्चीवरून उठतं ते आठवतं." मोठ्यांनी विनोदी म्हणून पसंत केलेल्या चित्रपटातून मुलांनी नेमकी भीती उचलली. का, ते पुढे पाहू.

मराठी मालिकांत हा प्रश्न ऐरणीवर आला 22 फेब्रुवारी 2016 पासून, झी मराठीवरच्या 'रात्रीस खेळ चाले'मुळे. सावंतवाडीजवळच्या आकेरीचा वाडा, नाईकांचं कुटुंब, मालवणी बोली, आणि वेळ रात्री साडेदहा. 2019 मध्ये दुसरं पर्व आलं. ते आधीच्या काळात जाणारं होतं. अण्णा नाईक (माधव अभ्यंकर) आणि शेवंता (अपूर्वा नेमळेकर) घराघरांत पोचले. 2021 मध्ये तिसरं पर्व आलं. पहिल्या पर्वाच्या वेळीच दोन आक्षेप पुढे आले होते: एक, कोकणी माणसाचं चित्र विपर्यस्त आहे, दोन, मालिका अंधश्रद्धेला खतपाणी घालते. मुलांचा आक्षेप तिसरा, आणि तो मात्र घराघरांतच बोलला गेला. आमच्या सोसायटीतली सात-आठ वर्षांची मुलं मालिकेतल्या पांडूची नक्कल करत जिन्यावरून धावायची, आणि तीच मुलं दिवेलागणीनंतर त्याच जिन्यावरून एकटी उतरायला कचरायची. ती मालिकेवर खूश होती की घाबरली होती, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

मधल्या काळात हिंदीत आणखी एक बदल झाला. अलौकिक गोष्टी भयकथांच्या कप्प्यातून निघून सासू-सुनांच्या मालिकांत शिरल्या. 'नागिन' 2015 मध्ये शनिवार-रविवारी रात्री आठला येऊ लागली. 'ससुराल सिमर का'मध्ये तर 2016 मध्ये नायिकेची माशी झाली. या मालिकांवर भयकथेचा शिक्का नव्हता, त्यामुळे "पोरांना आत ने" असं कुणी म्हणतही नव्हतं.

कोणत्या वयाला कशाची भीती

या प्रश्नावर सर्वांत चिकाटीनं काम झालं ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात, जोअॅन कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून, 1980 च्या दशकापासून पुढे. त्यातला मुख्य निष्कर्ष असा की मुलाचं वय वाढतं तशी भीती नुसती कमी होत नाही, ती बदलते. साधारण सात वर्षांपर्यंतचं मूल दिसण्याला घाबरतं: विद्रूप चेहरा, अचानक बदलणारं शरीर, हलणारी निर्जीव वस्तू, मोठा आवाज. आठ-नऊच्या पुढे खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टींची भीती वाढते: चोर, अपघात, आईवडिलांचं काही बरंवाईट होणं. बाराच्या पुढे अमूर्त धोकेही घाबरवू लागतात.

याचे पुरावे बोलके आहेत. अमेरिकेत 'द इन्क्रेडिबल हल्क' ही कुटुंबानं बघायची मालिका होती आणि हल्क हा लोकांना वाचवणारा नायक होता. तरी शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांच्या पालकांनी घाबरवणाऱ्या कार्यक्रमांत तिचं नाव वारंवार घेतलं. मोठ्यांना नायक दिसत होता; मुलांना एका ओळखीच्या माणसाचा चेहरा हिरवा आणि अक्राळविक्राळ होताना दिसत होता. 1985 च्या दुसऱ्या एका प्रयोगात मुलांना एका म्हातारीची गोष्ट दाखवली. कधी ती दिसायला प्रेमळ, कधी कुरूप, कधी वागायला मायाळू, कधी क्रूर. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी तिचं रूप पाहून मत बनवलं, मोठ्या मुलांनी तिची वागणूक पाहून. आणि 20 नोव्हेंबर 1983 ला अमेरिकेत अणुयुद्धावरचा 'द डे आफ्टर' दाखवला गेला तेव्हा सगळा देश मुलांच्या काळजीत होता. दुसऱ्या दिवशी फोनवरून केलेल्या पाहणीत सर्वांत कमी अस्वस्थ निघाली ती बारा वर्षांखालची मुलं. सर्वांत जास्त हादरले होते त्यांचे पालक.

तात्या विंचूचं कोडं इथे सुटतं. बाहुलं ही मुलाची सगळ्यात ओळखीची वस्तू. ती बोलते, चालते, सुरी धरते. कथा विनोदी आहे, हे कळायला जे वय लागतं, ते मुलाकडे नसतं. नागिणीचं रूपांतर आठच्या मालिकेत दाखवलं काय किंवा साडेदहाच्या, पाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. उलट एखाद्या भयमालिकेचा चांगला लिहिलेला, नुसत्या कुजबुजीनं आणि संशयानं घाबरवणारा भाग त्या मुलाच्या डोक्यावरून जाऊ शकतो. मोठ्यांचा अंदाज इथे नेमका चुकतो, कारण मोठी माणसं स्वतःच्या भीतीनं मोजतात.

दुसरा महत्त्वाचा निष्कर्ष समजूत घालण्याबद्दलचा. "ते खरं नसतं रे, नाटक आहे" हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाला उपयोगी पडतं. चार वर्षांच्या मुलाला त्याचा फारसा आधार वाटत नाही. त्याला कुशीत घेणं, पाणी देणं, दिवा लावणं, आवडती वस्तू हातात देणं जास्त लागू पडतं. आमच्याकडच्या आज्या मीठमोहरी उतरवून टाकतात, त्यामागची समजूत कुणी मान्य करो न करो, पण पोराला जवळ घेऊन पाच मिनिटं फक्त त्याच्याकडे लक्ष देणं हा त्या कृतीचा भाग असतोच.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. 1999 मध्ये हॅरिसन आणि कँटर यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणच्या आठवणी विचारल्या. 153 जणांपैकी सुमारे 90 टक्के जणांनी एखाद्या चित्रपटानं किंवा कार्यक्रमानं बराच काळ घाबरवल्याचं सांगितलं, आणि सुमारे चौथा भाग विद्यार्थ्यांमध्ये त्या अस्वस्थतेचा अंश अजून शिल्लक होता. ब्रिटनमध्ये 31 ऑक्टोबर 1992 ला बीबीसीनं 'घोस्टवॉच' दाखवलं. खऱ्या निवेदकांना घेऊन, थेट प्रक्षेपणाच्या थाटात रचलेली ती भूतकथा होती. 1994 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो कार्यक्रम पाहिल्यावर गंभीर मानसिक त्रास झालेल्या दहा वर्षांच्या दोन मुलांची नोंद आली. अशी टोकाची उदाहरणं थोडी आहेत. पण 'मुलं विसरून जातात' हे विधान सरसकट खरं नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

चार बाजू

पहिली बाजू संरक्षणाची. बालरोगतज्ज्ञ आणि बरेच पालक या बाजूला आहेत. झोपेवर परिणाम, अंथरूण ओलं होणं, एकटं राहण्याची भीती या तक्रारी खऱ्या आहेत, आणि मूल स्वतःहून 'बंद करा' म्हणत नाही. लाजेनं म्हणा किंवा मोठ्यांसोबत बसायला मिळतंय म्हणून म्हणा, ते बसून राहतं. या बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं हे की न दाखवल्यानं मुलाचं काही नुकसान झाल्याचा पुरावा नाही, दाखवल्यानं झाल्याचा आहे.

दुसरी बाजू म्हणते की भीतीशी ओळख व्हायलाच हवी. ब्रुनो बेटेलहाइम यांनी 1976 च्या पुस्तकात परीकथांची बाजू घेतली: चेटकीण, सावत्र आई, जंगलात हरवणं यांतून मूल आपल्या मनातल्या अनाम भीतीला रूप देतं, आणि गोष्टीच्या शेवटी तिच्यावर मातही करतं. बेटेलहाइम यांच्या कामावर पुढे बरीच टीका झाली, पण हा मुद्दा टिकून राहिला. आपल्याकडे बालनाट्यातली माणसं वेगळ्या शब्दांत हेच सांगत आली. पण इथे एक अट आहे, आणि ती वगळली की या बाजूचं म्हणणं विकृत होतं: गोष्ट संपली पाहिजे. चेटकीण हरली पाहिजे. दैनंदिन मालिका संपत नाही. ती प्रत्येक रात्री भीतीच्या टोकाला नेऊन 'क्रमशः' म्हणते, आणि मूल त्या टोकावर झोपायला जातं. परीकथेच्या बाजूनं केलेला युक्तिवाद मालिकेला जसाच्या तसा लावता येत नाही, असं माझं मत आहे.

तिसरी बाजू विवेकाची. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या 20 ऑगस्ट 2013 च्या खुनानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. ज्या राज्यात करणी, भानामती, अघोरी उपचार यांविरुद्ध कायदा करावा लागतो, तिथे मालिकेतली भुताटकी ही निव्वळ करमणूक राहत नाही, असं या बाजूचं म्हणणं. इथे चिंता मुलाच्या रात्रीच्या झोपेची नसून त्याच्या जगाबद्दलच्या समजुतीची आहे. आजीसह सगळं घर गंभीरपणे बघत असेल, तर मूल असं समजतं की हे असंच असतं. दुसऱ्या बाजूनं उत्तर येतं की मग पोथ्या, लोककथा, दशावतार यांचं काय करायचं? दोन्हीकडची माणसं प्रामाणिक आहेत, आणि त्यांचं बोलणं बहुधा एकमेकांना ओलांडून जातं. कारण एकजण भीतीबद्दल बोलतो, दुसरा श्रद्धेबद्दल. घाबरलेलं मूल भुतावर विश्वास ठेवतंच असं नाही. आणि न घाबरता, हसत हसत ठेवलेला विश्वास जास्त खोल जातो, ही शक्यताही नाकारता येत नाही.

चौथी बाजू निर्मात्यांची आणि वाहिन्यांची. आम्ही वेळ उशिराची ठेवली, सूचना दिली, रिमोट तुमच्या हातात आहे. हे म्हणणं सहज झटकून टाकण्यासारखं नाही. मराठीत भयकथेची परंपरा आहे. नारायण धारपांनी आणि मतकरींनी ती घडवली. प्रत्येक गोष्ट पाच वर्षांच्या मुलाला झेपेल अशीच लिहायची, तर मोठ्यांसाठी काही उरणार नाही.

कायदा काय म्हणतो

केबल टेलिव्हिजन कायदा 1995 चा, नियम 1994 चे. त्यातल्या सहाव्या नियमात कार्यक्रम-संहिता आहे. अंधश्रद्धेला उत्तेजन देणारे कार्यक्रम नकोत, असं ती सांगते. आणि मुलांना अयोग्य कार्यक्रम जास्तीत जास्त मुलं बघत असतील अशा वेळी दाखवू नयेत, असंही सांगते. ही वेळ कोणती, ते मात्र लिहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये 1964 पासून रात्री नऊची रेषा आहे. आपल्याकडे प्रसारकांच्या संघटनेनं 2011 मध्ये स्वनियमनाची चौकट आणली, निवृत्त न्यायमूर्ती ए. पी. शाह यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार परिषद नेमली, आणि मर्यादित प्रेक्षकांसाठीचे कार्यक्रम रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात ठेवले. साडेदहाची मालिका त्या रेषेच्या अलीकडची, म्हणजे सर्वांसाठीची ठरते.

चित्रपटांबाबत मुंबईचाच एक खटला निर्णायक ठरला. सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्रतिभा नैथानी यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं 2005 मध्ये प्रौढांसाठीचे चित्रपट टीव्हीवर दाखवण्यास मनाई केली. तो लढा अश्लीलतेविरुद्धचा होता, भीती त्यात दुय्यमच राहिली. 'यूए' चित्रपट चालतच राहिले, आणि भयपटांतले पुष्कळसे त्याच गटात बसतात.

बारकाई आली ती नंतर, आणि टीव्हीच्या बाहेर. फेब्रुवारी 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीसाठी 7, 13 आणि 16 वर्षांचे टप्पे केले, वर्गवारीच्या निकषांत भयाचा स्वतंत्र उल्लेख केला, आणि 13 वर्षांपुढच्या गटांना पालकांचं कुलूप सक्तीचं केलं. 2023 च्या सुधारणेनं चित्रपटांनाही हेच वयाचे टप्पे लागू झाले. म्हणजे मोबाइलवर तीच भूतकथा लावली तर वयाचा आकडा दिसतो, बाहेरच्या खोलीतल्या वाहिनीवर लावली तर मालिकेवर असा आकडा नसतो.

एक जुना धागा इथे जोडण्यासारखा आहे. 1946 मध्ये नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या मापानं मोजावा, दुबळ्या मनाच्या नव्हे, असा निकष घालून दिला. 1988 मध्ये फाळणीच्या दंगलींवरच्या 'तमस' मालिकेचा वाद मुंबईच्या न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा तोच निकष वापरला गेला आणि मालिका चालू राहिली. तो निकाल योग्यच होता. पण त्या मापात मूल बसत नाही. अभिव्यक्ती जपणारं माप आणि मूल जपणारं माप यांची सांगड आपल्या कायद्यात अजून नीट घातली गेलेली नाही.

उपनगरातलं घर

आता त्या घराकडे येऊ, जिथे हे सगळे नियम आणि निष्कर्ष लागू व्हायचे आहेत. अंधेरीला काम करणारी आई सातला सुटते आणि साडेआठला बोरिवलीला किंवा घाटकोपरहून बदली करून मुलुंडला घरी पोचते. जेवणं साडेनऊला. मुलाला आईबाबा भेटतात ते साडेनऊ ते अकरा. अशा घरात 'उशिराची वेळ' हीच कुटुंबाची वेळ असते. नऊची रेषा आखा, नाहीतर साडेदहाची. लोकलच्या वेळापत्रकापुढे तिचा जोर चालत नाही.

दुसरं, टीव्ही कुणाचा हा प्रश्न. पाश्चात्त्य अभ्यासांत बहुतेक वेळा निवड मुलाची किंवा आईवडिलांची धरलेली असते. इथे दिवसभर मुलाला सांभाळते ती आजी, आणि रात्रीचा एक तास तिचा असतो. "आई, ही मालिका लावू नका" हे वाक्य सून सहज उच्चारू शकत नाही. जिच्या भरवशावर नोकरी चालते, तिच्या एकुलत्या करमणुकीवर बंदी कोणत्या तोंडानं घालायची? ही घराघरांतली खरी अडचण आहे, आणि ती कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत येत नाही.

तिसरं, झोप. भीतीचा परिणाम मोजताना तिकडे मूल आपल्या खोलीत एकटं झोपतं का, हे बघतात. इथे मूल आईच्या किंवा आजीच्या अंगावर पाय टाकून झोपतं. त्यामुळे भीती लवकर उतरत असेल, किंवा नुसती झाकली जात असेल. दोन्ही संभवतं. ज्या खोलीत भूत दिसलं त्याच खोलीत, त्याच भिंतीकडे तोंड करून झोपायचं असतं, हेही खरंच.

आणि चौथं, बातम्या. 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत स्फोट झाले. जोगेश्वरी, बोरिवली ही नावं मुलांच्या तोंडची होती, बाबा त्याच गाडीनं यायचे. 26 नोव्हेंबर 2008 ला विलेपार्ल्यात टॅक्सीत स्फोट झाला आणि पुढचे तीन दिवस घराघरांत ताज जळताना दिसत राहिलं. त्या दिवसांत कुणी टीव्ही बंद केला नाही. करणं शक्यही नव्हतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी इतका भीतीदायक कौटुंबिक कार्यक्रम मुंबईनं दुसरा पाहिलेला नाही. 2015 मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर नियम आला, पण तो सुरक्षेच्या कारणासाठी होता. मुलांच्या संदर्भात बातम्यांचा विचार या वादात जवळजवळ झालेलाच नाही, आणि ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते.

काय सुटलेलं नाही

वयाचे टप्पे उपयोगी आहेत, पण सात वर्षांच्या दोन मुलांत जमीनअस्मानाचं अंतर असतं. एक अण्णा नाईकांची नक्कल करून टाळ्या घेतं, दुसरं आवाजानंच कान झाकतं. शिक्का कार्यक्रमावर बसतो, मुलावर बसत नाही. मग निर्णय घरी घ्यायचा म्हटलं, तर तो कुणी घ्यायचा हा प्रश्न वर आलाच आहे.

मोठ्या माणसाबरोबर बसून पाहिलं की भीती निवते, असं सामान्यतः मानलं जातं. पण तो मोठा माणूस स्वतःच घाबरत असेल, किंवा भुतावर त्याचा विश्वास असेल, तर? मूल पडद्यापेक्षा शेजारच्या चेहऱ्याकडे जास्त बघतं. दशावतारात त्या चेहऱ्यावर हसू असतं. मालिकेसमोर आजीचा पदर तोंडाशी असतो.

आवाजाचा प्रश्न तर मोकळाच आहे. वर्गवारी दृश्यांची होते. पडद्यामागे बसलेल्या मुलाला फक्त किंचाळी आणि पार्श्वसंगीत पोचतं, आणि उरलेलं ते स्वतः रचतं. माझ्या भाचीनं रचलेलं भूत कसं होतं, ते तिनं खूप नंतर, नऊ वर्षांची झाल्यावर सांगितलं. त्याला तोंड नव्हतं, नुसते केस होते, आणि ते गॅसच्या टाकीमागे राहायचं. मालिकेत असं काहीच नव्हतं, हे तिला कळल्यावर तिनं आजीला विचारलं, "मग तू मला तेव्हा बाहेर तुझ्याजवळ का नाही बसवलंस?" आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बसवायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही बाळा."